मिश्र क्षारांच्या द्रावणांची श्यानता मोजायला बसताना: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी कुणी ना कुणी हा विषय उचलतंच, कारण त्याला महागडं यंत्र लागत नाही. काचेचा व्हिस्कोमीटर (श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहायला होणारा विरोध, मोजायची नळी), घनतेची बाटली, थर्मोस्टॅट, चार दशांशांचा तराजू आणि स्टॉपवॉच. एवढं सामान बहुतेक कॉलेजांत कपाटात पडूनच असतं. पण सामान साधं म्हणून काम सोपं, असा हिशेब करू नका.

आधी आपण काय मोजायला निघालोय, त्याचा आकार बघा. पाण्यात लिटरमागे ०.१ मोल साधं मीठ टाकलं, तर पाण्याची श्यानता जेमतेम १ टक्क्यानं वाढते. आणि पाण्याचं तापमान २५ वरून २६ अंशांवर गेलं, तर श्यानता २ टक्क्यांहून थोडी जास्तच उतरते. म्हणजे अर्धा अंश इकडंतिकडं झाला की मिठाचा सगळा परिणाम पुसला गेला. पोटॅशियम क्लोराईड घेतलंत तर आणखी गंमत: ०.१ मोलरला (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) त्याचा परिणाम जवळपास शून्य आणि १ मोलरला द्रावण पाण्यापेक्षा किंचित पातळ. तेव्हा या प्रोजेक्टमध्ये तुमचा निम्मा वेळ तापमानावर आणि उरलेल्यातला निम्मा घनतेवर जाणार, हे धरूनच चला.

क्षार कुठले घ्यायचे

आपल्याकडे याचं उत्तर फार लांब शोधायला नको. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचं सूत जिथं रंगवलं जातं, तिथं रिॲक्टिव्ह रंगांच्या कुंडात साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट पडतं आणि नंतर सोडा ॲश. मीठ रंगाला सुताकडं ढकलतं, सोडा ॲश रंग पक्का करतो. गडद रंगाला लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम क्षार सहज जातो. ७१ ग्रॅम सोडियम सल्फेट म्हणजे अर्धा मोल. तेवढ्यानं साध्या तापमानाला पाण्याची श्यानता २० टक्क्यांच्या आसपास वाढते. हे काही प्रयोगशाळेपुरतं कौतुक नाही, पंपाला आणि सुतात पाणी शिरण्याला त्याचा फरक पडतो.

म्हणून माझा सल्ला: सोडियम क्लोराईड आणि सोडियम सल्फेट ही जोडी घ्या. दोन्ही स्वस्त, दोन्ही शुद्ध मिळतात, दोघांतही सोडियम आहे, त्यामुळं फरक फक्त ऋण आयनाचा राहतो आणि निष्कर्ष काढताना डोकं ठिकाणावर राहतं. मॅग्नेशियम क्लोराईडच्या मागं पहिल्याच वेळी लागू नका. ते हवेतलं पाणी ओढतं आणि तुम्ही नेमकं किती वजन केलंत हे तुम्हालाच कळत नाही.

तापमान: इथं सोलापूर आडवं येतं

पुस्तकात सगळीकडं २५ अंश. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि प्रयोगशाळेतच ३५-३६. साध्या थर्मोस्टॅटला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली ३५ वर असताना तो २५ धरूच शकत नाही. हीटर बंद, दिवा बंद, आणि पाणी आपलं खोलीच्या तापमानाला तरंगतंय. बर्फाचे तुकडे टाकून २५ साधायचा प्रयत्न मुलं करतात. करू नका, तापमान सरळ रेषेत राहतच नाही.

दोन वाटा आहेत. कूलिंगची सोय असलेला थर्मोस्टॅट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ३०, ३५, ४० आणि ४५ अंश ही मालिका घ्या आणि ३० अंशांचं सगळं काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सकाळी खोली इतकी गार असते की हीटरला ३० धरणं अगदी सोपं जातं. ४० आणि ४५ मार्चसाठी ठेवा.

थर्मोस्टॅटच्या बाथमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाकीत, नळाचं पाणी भरू नका. चार दिवसांत काचेवर आणि हीटरवर पांढरा थर चढतो आणि व्हिस्कोमीटरची खूण दिसेनाशी होते. डिस्टिल्ड पाणी भरा आणि वरून प्लास्टिकचे पोकळ चेंडू सोडा, म्हणजे बाष्पीभवन कमी. पंखा बाथच्या अंगावर नको. ०.१ अंशाच्या रेघा असलेला थर्मामीटर हवाच आणि बाथ ±०.०५ अंशात राहिला पाहिजे. त्यानंही श्यानतेत ०.१ टक्क्याची चूक राहतेच. लाईट गेली तर त्या बॅचची वाचनं सरळ काट मारा. परत आल्यावर बाथला जागेवर यायला वेळ लागतो.

द्रावणं

पाणी दोनदा डिस्टिल केलेलं. वापरण्याआधी उकळून, झाकून थंड करा. विरघळलेली हवा काढली नाही तर ४० अंशांवर केशनलिकेत बुडबुडा अडकतो आणि वेळ अचानक दहा सेकंदांनी वाढतो. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात क्षार असतातच, ते चालणार नाही.

दोन्ही क्षार ११० ते १२० अंशांवर काही तास सुकवा आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या काचेच्या बंद भांड्यात) थंड करा. सोडियम सल्फेटच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. निर्जल क्षाराचं मोलर वस्तुमान १४२.०४, दहा पाण्याच्या स्फटिकांचं ३२२.२. ही एक गफलत अख्खा तक्ता घालवते.

द्रावण वजनावर बनवा, म्हणजे १००० ग्रॅम पाण्यात इतके मोल, अर्थात मोलॅलिटी. मापाच्या फ्लास्कनं मोलरिटी काढली तर तापमान बदललं की संहतीही (द्रावणातलं क्षाराचं प्रमाण) बदलते आणि तुम्हाला चार तापमानांना काम करायचंय. मोलर आकडा लागेल तेव्हा घनतेवरून काढता येतो: मोलॅलिटी गुणिले घनता गुणिले १०००, भागिले (१००० अधिक सगळ्या क्षारांचे ग्रॅम).

सोडियम सल्फेटचं घट्ट स्टॉक करून ठेवायचं असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. या क्षाराची विद्राव्यता २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण १९.५ ग्रॅम, आणि ३२.४ अंशांना जवळजवळ ५० ग्रॅम. त्याच्या पुढं तापवलं की विद्राव्यता वाढायच्या ऐवजी हळूहळू उतरते, कारण ३२.४ अंशांच्या खाली दहा पाण्याचे स्फटिक टिकतात आणि वर निर्जल क्षार. मेमध्ये दीड मोलॅलचं स्टॉक बाटलीत निवांत राहतं. तेच जानेवारीच्या सकाळी बघा, तळाशी काचेसारखे लांब स्फटिक बसलेले असतात. वरचं पाणी ओतून घेतलंत तर संहती गेली. पूर्ण विरघळवून, हलवून मगच घ्या. शक्यतो अर्ध्या मोलॅलच्या पुढं जाऊच नका.

घनता आधी, श्यानता नंतर

हा क्रम उलटा करू नका. साध्या काचेच्या व्हिस्कोमीटरमध्ये द्रव स्वतःच्या वजनानं उतरतो, म्हणून घनतेशिवाय वेळेला अर्थ नाही.

२५ मिलीची घनतेची बाटली घ्या. रिकामी, कोरडी तोला. मग पाणी भरून बाथमध्ये वीस मिनिटं ठेवा, बूच बसवा, वरच्या भोकातून आलेला थेंब टिपकागदानं टिपा (भोकाच्या आतलं पाणी शोषलं जाणार नाही इतक्या हलक्या हातानं), बाहेरून पुसून तोला. ३० अंशांना पाण्याची घनता ०.९९५६५. पाणी २४.८९१३ ग्रॅम भरलं तर बाटली बरोबर २५ मिलीची. प्रत्येक तापमानाला हे पुन्हा करायचं: ३५ ला ०.९९४०३, ४० ला ०.९९२२२, ४५ ला ०.९९०२१. बाटली ओव्हनमध्ये सुकवू नका, आकारमान सरकतं. ॲसिटोननं खळखळून हवेवर वाळवा.

१ मिलिग्रॅमची चूक म्हणजे घनतेत चौथ्या दशांशात ०.४ ची चूक. श्यानतेला त्यानं काही होत नाही. पण याच घनतेवरून पुढं आभासी मोलर आकारमान (एक मोल क्षारानं द्रावणाचं आकारमान जेवढं वाढलेलं दिसतं ते) काढायचंय आणि तिथं ही चूक ०.१ मोलॅलला ०.४ घन सेंटिमीटर होते, ०.०१ मोलॅलला ४. मिठाचं आभासी मोलर आकारमानच १७ च्या घरात! त्यामुळं बाटली वापरून ०.०१ मोलॅलचे बिंदू आलेखावर टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ०.०५ च्या खाली जाऊ नका. कंपन नळीचा डिजिटल डेन्सिटीमीटर हाताशी असेल तर गोष्ट वेगळी.

व्हिस्कोमीटर

आधी तो स्वच्छ करा. केशनलिकेतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम रक्तप्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या प्वाझेय या फ्रेंच डॉक्टरानं १८४० च्या सुमारास प्रयोगातून काढला आणि त्यात नळीच्या त्रिज्येचा चौथा घात येतो. त्रिज्या १ टक्क्यानं कमी झाली तर वेळ ४ टक्क्यांनी वाढतो. चिकटलेला तेलकट थर किंवा वाळलेल्या मिठाचा पापुद्रा एवढा फरक सहज करतो. क्रोमिक ॲसिडची जुनी सवय सोडा, ते विषारी आहे आणि शेवटी सिंकमधून गटारातच जातं. साबणाचं द्रावण, मग सौम्य नायट्रिक ॲसिड, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी, शेवटी ॲसिटोन.

केशनलिका अशी निवडा की पाण्याला दोन खुणांमधून उतरायला २०० सेकंद किंवा जास्त लागतील. वेळ त्याहून बराच कमी असेल तर द्रवाच्या गतिज ऊर्जेची दुरुस्ती करावी लागते आणि नवख्यानं त्या फंदात पडू नये. ओस्टवाल्ड प्रकारच्या व्हिस्कोमीटरमध्ये दरवेळी नेमकं तेवढंच द्रव पिपेटनं घाला, कारण दोन बाजूंच्या पातळीतला फरकच दाब ठरवतो. उबेलोडे प्रकारात ती कटकट नाही. नळी उभी आहे का, हे डोळ्यानं ठरवू नका. गवंड्याचा छोटा ओळंबा शेजारी सोडा.

द्रव भरल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग रबरी फुग्यानं वर ओढा (तोंडानं नाही), सोडा, वरच्या खुणेला घड्याळ सुरू, खालच्या खुणेला बंद. डोळा खुणेच्या समोर. स्टॉपवॉच शंभरावा भाग दाखवतं, पण आपल्या बोटाची चूक ०.१ सेकंदाच्या आत येत नाही. तीन वाचनं ०.२ सेकंदात जुळली की पुढं जा. वेळ प्रत्येक वेळी वाढत चालला असेल तर नळीत काहीतरी अडकलंय. कमी होत चालला असेल तर द्रव अजून तापतंय.

पहिला हिशेब

सापेक्ष श्यानता = (द्रावणाची घनता × द्रावणाचा वेळ) ÷ (पाण्याची घनता × पाण्याचा वेळ).

कल्पित पण वास्तवाजवळचे आकडे घेऊ. ३० अंश, दोन्ही क्षार प्रत्येकी ०.१ मोलॅल. पाण्याला २१२.४ सेकंद, द्रावणाला २१९.८, द्रावणाची घनता १.०१२२. वरती २२२.४८, खाली २११.४८, भागाकार १.०५२. पाण्याची श्यानता ३० ला ०.७९७ मिलिपास्कल-सेकंद, म्हणून द्रावणाची ०.८३८. आता घनता विसरून नुसते वेळ भागून बघा: १.०३५. परिणामाचा तिसरा हिस्सा गायब.

यापुढचं सूत्र जोन्स आणि डोल यांचं, १९२९ सालचं; त्यांनी खास करून बेरियम क्लोराईडवर काम केलं होतं. सापेक्ष श्यानता = १ + ए × √संहती + बी × संहती. ए हा आयनांच्या आपापसातल्या विद्युत ओढीचा भाग, नेहमी धन आणि लहान. बी हा आयन आणि पाणी यांच्यातला मामला. सापेक्ष श्यानतेतून १ वजा करून √संहतीनं भागा आणि ते √संहतीच्या समोर मांडा. सरळ रेषेचा उतार बी, आणि रेषा उभ्या अक्षाला छेदते तिथं ए.

२५ अंशांना आयनांचे बी असे धरतात: सोडियम ०.०८६, क्लोराईड −०.००७, सल्फेट ०.२०८, पोटॅशियम −०.००७, मॅग्नेशियम ०.३८५. धन आणि मोठा बी म्हणजे आयन भोवतालच्या पाण्याला घट्ट धरून बसतो. ऋण म्हणजे तो पाण्याची वीण सैल करतो. मिठाचा बी ०.०७९, सोडियम सल्फेटचा दोन सोडियम धरून ०.३८०. तुमच्या एकेरी क्षारांची उत्तरं याच्या आसपास आली नाहीत, तर मिश्रणाला हात लावू नका.

मिश्रण

इथं बहुतेक जण गोंधळतात, कारण दोन क्षार एकदम बदलले की कुणामुळं काय झालं ते कळत नाही. मांडणी दोन प्रकारे करता येते.

पहिली: एक क्षार स्थिर, दुसरा बदलता. समजा ०.१ मोलॅल मिठाचं द्रावण हेच ‘पाणी’ मानलं आणि त्यात सल्फेट ०.०५ पासून ०.३ पर्यंत नेलं. मग सापेक्ष श्यानता काढताना खाली शुद्ध पाण्याचे नाही, त्या मिठाच्या द्रावणाचे वेळ आणि घनता घ्यायचे. मिळालेला बी हा मिठाच्या सोबतीतल्या सल्फेटचा. मीठ ०, ०.१, ०.२, ०.४ असं वाढवत नेलं की तो बी सरकतो का, ते बघा. तोंडी परीक्षेत हमखास प्रश्न येतो तो इथंच: संदर्भद्रव कोणता घेतला?

दुसरी मांडणी मला जास्त आवडते: एकूण आयनिक तीव्रता स्थिर. प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याच्या प्रभाराचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, त्याच्या निम्मी. मिठाला ती संहतीएवढीच, सोडियम सल्फेटला तिप्पट. एकूण ०.५ ठेवायची तर नुसतं मीठ ०.५ मोलॅल, नुसतं सल्फेट ०.१६६७, आणि निम्मंनिम्मं म्हणजे मीठ ०.२५ व सल्फेट ०.०८३३. असे पाच बिंदू करा. विद्युत ओढीचं वातावरण सगळीकडं जवळजवळ सारखं राहतं, म्हणून दिसणारा बदल पाण्याशी जास्त संबंधित असतो.

पहिल्या हिशेबातल्या उदाहरणात नुसत्या बी-च्या बेरजेनं काय येतं? ०.१ × ०.०७९ अधिक ०.१ × ०.३८० म्हणजे ०.०४६. मोजलेलं ०.०५२. उरलेलं ०.००६ हे ए-चं काम असू शकतं, तेवढं ते असतंच. त्यातून ‘दोन क्षारांत विशेष आंतरक्रिया आढळली’ असं लिहू नका. ए वजा केल्यावर, आणि तुमच्या ०.१ टक्क्याच्या चुकीपेक्षा मोठं काही शिल्लक राहिलं, तरच बोला.

आकारमान आणि ऊष्मागतिकी

सरासरी आभासी मोलर आकारमान = [(१००० + सगळ्या क्षारांचे ग्रॅम) ÷ द्रावणाची घनता − १००० ÷ पाण्याची घनता] ÷ एकूण मोलॅलिटी. आपल्या उदाहरणात क्षार ५.८४४ अधिक १४.२०४ ग्रॅम. १००७.७५ मधून १००४.३७ वजा, उरलं ३.३८, भागिले ०.२, म्हणजे १६.९ घन सेंटिमीटर प्रतिमोल. घनतेचा चौथा दशांश एकानं हलवला की हा आकडा अर्ध्यानं हलतो.

यंग यांचा नियम सांगतो, की हे उत्तर दोन क्षारांच्या आपापल्या आकारमानांची मोलच्या प्रमाणात घेतलेली सरासरी असावं, पण ती आकारमानं मिश्रणाच्या एकूण आयनिक तीव्रतेला घेतलेली हवीत. ०.१ मोलॅल मिठाचा आकडा उचलून ०.४ तीव्रतेच्या मिश्रणात घालणं चूक. एकेरी क्षारांसाठी आकारमान √संहतीच्या समोर मांडून शून्य संहतीपर्यंत रेषा न्या. मॅसन यांनी हे दाखवलं तेही १९२९ मध्येच. मिठाला २५ अंशांना १६.६ च्या जवळ यायला हवं. मॅग्नेशियम सल्फेटला तर ते ऋण येतं, कारण दुहेरी प्रभाराचे आयन भोवतालचं पाणी इतकं आवळतात की क्षार घालूनही एकूण जागा कमी होते.

श्यानतेतून ऊष्मागतिकी काढायला आयरिंग यांचं सूत्र: श्यानता गुणिले मोलर आकारमान, भागिले प्लँक स्थिरांक व ॲव्होगॅड्रो संख्या यांचा गुणाकार, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम, गुणिले वायू स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान. ही प्रवाहाची सक्रियण मुक्त ऊर्जा, म्हणजे वाहताना द्रवाच्या कणांना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा. एककांत चूक हमखास होते, म्हणून आधी पाण्यावर तपासा: ३० अंशांना ९.०४ किलोज्यूल प्रतिमोल यायला पाहिजे. द्रावणाचं सरासरी मोलर आकारमान काढताना मीठ दोन कण आणि सोडियम सल्फेट तीन कण धरायचे.

श्यानतेचा लॉगरिदम एक भागिले तापमानाच्या समोर मांडला की उतारातून सक्रियण ऊर्जा मिळते. पाण्याची ३०, ३५, ४०, ४५ ला श्यानता ०.७९७, ०.७१९, ०.६५३, ०.५९६. टोकाच्या दोन आकड्यांवरून साधारण १५.५ किलोज्यूल येतात. तुमच्या बाथवर पाण्यानं हे दिलं, तर बाथ विश्वासाचा.

हेप्लर यांचा निकष (आकारमानाचा तापमानाशी दुसरा अवकलज, त्याच्या चिन्हावरून क्षार पाण्याची रचना बांधतो की मोडतो) बऱ्याच प्रबंधांत आपसूक येतो. बाटलीनं काढलेल्या घनता आणि चार तापमानं यांवरून दुसरा अवकलज काढणं मला पटत नाही. चिन्ह नशिबावर ठरतं. त्यापेक्षा बी तापमानासोबत वाढतो की उतरतो, ते दाखवा. पोटॅशियम क्लोराईड या कामाला उत्तम: २५ ला त्याचा बी ऋण असतो, तापमान वाढलं की शून्याकडं आणि पुढं धनाकडं सरकतो, कारण मोडायला मुळात वीणच कमी उरते.

तिसरा क्षार म्हणून सोडा ॲश घ्यायचा मोह होईल, रंगाच्या कुंडात तो असतोच. घ्या, पण द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी मोजा. ते हवेतला कार्बन डायऑक्साईड घेतं आणि कार्बोनेटचं थोडं थोडं बायकार्बोनेट होत जातं. शिवाय कार्बोनेट पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साईडही देतं, म्हणून आयनिक तीव्रतेचा हिशेब तेवढा सरळ राहत नाही. मोजून झालं की व्हिस्कोमीटर लगेच धुवा. रात्रभर आत राहिलेलं सोडा ॲशचं द्रावण काठाशी वाळून पांढरा पापुद्रा धरतं.